बर्फात ठेवू नये

ताई,

परवा तुमच्या पुण्यानुमोदनाला आलो होतो. मंडपात मागच्या बाजूला, खांबाजवळ बसलो. तुमचा तो कपाळाला आठी घातलेला फोटो लावला होता, नोकरीच्या ओळखपत्रावरून मोठा केलेला. बघितल्यावर बरं वाटलं. निदान फोटोत तरी तुम्ही कोणाला खूश करायला हसला नव्हतात.

वंदना झाल्यावर आपल्या आरोग्य केंद्राचे जुने डॉक्टर, आपले साहेब, बोलायला उभे राहिले. आता निवृत्त, केस काळे केलेले, गळ्यात मफलर. म्हणाले, "पाईकराव बाई म्हणजे शांत, मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व. एवढ्या वर्षांच्या नोकरीत बाईंचा कधी कोणाशी वाद नाही."

ताई, माझ्या कानाची पाळी तापली. तुमचा वाद नाही? तुम्ही सूक्ष्मदर्शकाच्या आरशाशी वाद घालत होतात. थुंकीच्या डबीत नुसती लाळ आणून देणाऱ्या पेशंटशी, "हे काय माझ्या तोंडावर थुंकलास का, छातीतून आण" म्हणून वाद घालत होतात. आणि याच माणसाशी, याच साहेबांशी, तुम्ही पंधरा दिवस उभा वाद घातलात आणि त्यापायी बदलीवर गेलात. ते सगळं त्यांनी एका वाक्यात पुसून टाकलं आणि वर तुमच्या फोटोला फूल वाहिलं.

मला उठून बोलायचं होतं. उठलो नाही. मी असाच बसत आलो आहे. म्हणून हे लिहितो आहे.

तुमच्या सरकारी फायलीत एक वाक्य आहे: "अपुऱ्या तपासणीवरून चुकीचे निदान सांगून गावात घबराट पसरवली." ते वाक्य खोटं आहे. तुमचं निदान बरोबर होतं. तो कॉलराच होता. तुम्ही पाठवलेला नमुना मी मारला. मी, बालाजी, औषधाच्या खोलीतला, ज्याला तुम्ही तुमच्या डब्यातली ज्वारीची भाकरी मोडून देत होतात.

हे तोंडानं सांगायला मला आठ-नऊ वर्षं होती. रोज दहा ते पाच.

मी नवीन लागलो तेव्हा माझं ज्ञान किती होतं? जंतू म्हणजे जंतू. गोळी म्हणजे गोळी. तुम्ही दुपारी पेशंट ओसरले की हाक मारायच्या. "ये रे बालाजी, बघ, वरात निघालीय." मी एक डोळा मिटून नळीत बघायचो आणि मला आधी माझ्याच पापण्या दिसायच्या.

"ते माळ करून चाललेत ना, ते घशाचे. हे घोस करून बसलेत, ते गळवाचे. दोघंबी गोल, दोघंबी जांभळे. पण एकाची सवय रांगेत जायची, एकाची घोळक्यात बसायची. कळलं?"

"व्हय ताई."

"काय कळलं, सांग."

मग मी चुकायचो आणि तुम्ही हसायच्या. जांभळा रंग द्यायचा, मग स्पिरिटनं धुवायचं. जो रंग धरून ठेवतो तो एका जातीचा, जो सोडतो तो दुसऱ्या; त्याला मग गुलाबी रंग द्यायचा. टीबीचा सगळ्यांत हट्टी, त्याला लाल रंग दिला की आम्लानं धुतला तरी सोडत नाही. टायफॉइडचा आणि आवेचा हे दिसायला सख्खे भाऊ. बघून ओळखू येत नाहीत, त्यांच्यापुढं निरनिराळ्या साखरा ठेवून कोण काय खातो ते बघावं लागतं. "माणसाचं कसं, आडनाव ऐकलं की लोकांना सगळं कळतं," तुम्ही म्हणाला होतात. "जंतूला तेवढ्यावर सोडत न्हाईत. त्याला चार प्रश्न विचारतात. रूप काय, रंग कोणता, खातो काय, राहतो कुठं. मला तर कधी कोणी दुसरा प्रश्नच विचारला न्हाई."

मी तेव्हा खाली बघितलं होतं. माझं आडनाव विचारून मला लोक खुर्ची देत होते.

आणि तुमचं ते भांडण. 'गॅस्ट्रो' या शब्दाशी. रजिस्टरला कोणी 'गॅस्ट्रो' लिहिलं की तुमचं डोकं फिरायचं. "गॅस्ट्रो म्हणजे पोट. पोट हा काय आजार आहे का? उद्या कोणी मेला तर कारण लिहा, अंग." साहेब म्हणायचे, "बाई, आव असो, कॉलरा असो, अन्नातली बाधा असो, पेशंटला पाणीच भरायचंय. उपचार सारखाच. नावाचं काय घेऊन बसलात?"

तुम्ही म्हणालात, "उपचार खाटेवर सारखा आहे साहेब. विहिरीवर सारखा न्हाई."

साहेबांनी तेव्हा चहा मागवला होता.

त्या वर्षी आपला जिल्हा नवा झाला होता, कागदांवर अजून जुन्या जिल्ह्याचेच शिक्के होते. पोळ्याच्या आधीचे दिवस. साखऱ्याच्या पलीकडच्या त्या गावातून, त्याचं नाव मी इथं लिहीत नाही, एका सकाळी दोन बैलगाड्या आणि गोरेगावची एक जीप भरून माणसं आली. सगळी खालच्या वस्तीतली, तुमच्याच समाजाची. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब. डोळे खोल गेलेले, बोटांची कातडी भिजल्यासारखी सुरकुतलेली. तुम्ही काचेवर थेंब घेतला, दुसऱ्या काचेखाली लोंबता ठेवला आणि आरसा उन्हाकडं वळवला. मग मला बोलावलं. या वेळी वरात म्हणाला नाहीत.

मी बघितलं. अंधारात सोडलेल्या ठिणग्यांसारखं काहीतरी इकडून तिकडं पळत होतं. थांबत नव्हतं.

"असा पळणारा एकच," तुम्ही हळू म्हणालात. "पण माझ्या डोळ्यांनी फक्त संशय येतो. खात्री वाढवून बघितल्यावर. नमुना मोठ्या प्रयोगशाळेत गेला पाहिजे."

नमुना जिवंत ठेवायच्या जेलीच्या बाटल्या संपल्या होत्या. मागणी करून महिना झाला होता. तुम्ही टीपकागदाच्या पट्ट्या जुलाबात भिजवल्या, प्लास्टिकच्या पिशव्यांत घातल्या, वर मिठाच्या पाण्याचे थेंब सोडले आणि तोंड मेणबत्तीवर चिकटवून बंद केलं. डबा माझ्या हातात दिलात, कारण नमुने आणि लसी पाठवायचं काम माझं.

"सावलीत ठेव. ओलं राहू दे. आणि बालाजी, बर्फ न्हाई. याला थंडी सोसत न्हाई. आपल्यासारखाच आहे, उन्हाळ्याचा माणूस."

मी हसलो. मला नीट ऐकू आलं होतं, ताई. कोणी म्हणेल गडबडीत ध्यानात राहिलं नसेल. राहिलं होतं.

त्या गावाचा सरपंच माझा सख्खा मेहुणा. हे तुम्हाला ठाऊक होतं. तुम्हाला ठाऊक नव्हतं ते हे, की तासाभरानं तो माझ्या खोलीत आला, दार लोटलं आणि पोत्यावर बसला. त्यानं त्याच उन्हाळ्यात वरच्या आळीची नाली बांधली होती. ती नाली ओढ्यात सोडली होती, आणि ओढ्याच्या काठाला, उताराला, खालच्या वस्तीची विहीर.

"दाजी, खाण्यातून झालंय म्हणून राहिले सगळे. त्यांच्यात परवा जेवणावळ होती."

"बाई तर कॉलरा म्हणतात."

"बाई म्हणतील. तुमी काय म्हणता? कॉलराचं नाव आलं की विहीर बघायला लोक येतील. विहीर बघितली की नाली दिसंल. नाली माझी हाय, दाजी."

मग आम्ही दोघं साहेबांकडं गेलो. साहेबांनी काहीच सांगितलं नाही. हे त्यांचं कसब. एवढंच म्हणाले, "नमुना जपून पाठव बालाजी. आपल्या खात्यात जपून पाठवायची पद्धत तुला माहीतच आहे."

आपल्या खात्यात जपून पाठवायची एकच पद्धत होती. लस असो, काही असो, बर्फ. बर्फ म्हणजे आपल्याकडं इमानदारीची खूण. मी फ्रीजरमधून दगडासारखे झालेले चार बर्फाचे पॅक काढले, लसीच्या पेटीत चारी बाजूंनी लावले आणि मध्ये तुमच्या पिशव्या दाबून बसवल्या. गाडी दुसऱ्या दिवशी जाणार होती. मी संध्याकाळी घरी जायच्या आधी पॅक बदलले, सकाळी येऊन पुन्हा बदलले. इतकी काळजी मी आयुष्यात कोणत्या लसीची घेतली नाही.

यात शिक्षा होण्यासारखं काही नव्हतं, हेच मला आज सगळ्यांत जास्त खुपतं. मी नमुना फेकला असता, बदलला असता, तर कोणीतरी पकडलं असतं. मी तर तो जपला.

अहवाल आला. कॉलराचा जंतू वाढला नाही. साहेबांनी तो मोठ्यानं वाचला, मेहुणा बाजूलाच बसलेला. "बाई, चष्म्याचा नंबर तपासून घ्या," साहेब म्हणाले आणि सगळे हसले. मीही हसलो. ताई, मीही.

तुम्ही कागद हातात घेतलात आणि शेवटपर्यंत वाचलात. बाकी कोणी शेवटपर्यंत वाचला नव्हता. खाली बारीक अक्षरात एक ओळ होती: नमुना बर्फासह, सुस्थितीत प्राप्त.

तुम्ही माझ्या खोलीत आलात. "बालाजी, बर्फ कोणी घातला?"

"ड्रायव्हरनं घातला असंल, ताई. त्याला सवय असते."

तुम्ही अहवालाची घडी घातलीत. मग म्हणालात, "बरं." आणि गेलात. मला वाटलं, पटलं तुम्हाला. पण त्या ड्रायव्हरला तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत. ज्या बाईनं लाळेच्या डबीवरून आख्खा वऱ्हांडा डोक्यावर घेतला, ती बाई एवढी मोठी चूक करणाऱ्या ड्रायव्हरला काही बोलत नाही. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. कळून घ्यायचं नव्हतं.

तुम्ही लेखी मागितलंत, नमुना बर्फात गेला, दुसरा घ्या. साहेब म्हणाले, आता सगळ्यांनी औषधं खाल्ली, आता काय सापडणार? खरं होतं तेही. तुमचा कागद फायलीला लागला आणि तुम्हाला नोटीस निघाली.

विहिरीत दोन दिवस पडत असलेली ब्लीचिंग पावडर थांबली. गावात भोंग्यावर सांगितलं, पाणी चांगलं आहे, शिळं अन्न खाऊ नका. शिळं अन्न! तुमच्या लोकांच्या जेवणावर ढकललं सगळं. ज्यांनी घाण सोडली ते स्वच्छतेवर भाषण देत होते आणि ज्यांनी ती प्यायली ते माना खाली घालून ऐकत होते.

आठवड्यानं त्याच खालच्या वस्तीतल्या कलाबाईला घेऊन जीप आली. तिशीही नसेल. दुपारची वेळ. साहेब मीटिंगला गेलेले. हिंगोलीला नेण्याशिवाय इलाज नव्हता. तुम्ही प्रयोगशाळेच्या बाई, तुमचं ते काम नव्हतं. पण तुम्ही जीपमध्ये चढलात, तिचं डोकं मांडीवर घेतलंत आणि चमच्यानं पाणी पाजत निघालात. मी खिडकीतून साखर-मिठाची आणखी पाकिटं दिली. कलाबाईनं डोळे उघडून विचारलं, "बाई, इहिरीचंच पेले. चांगलं म्हणले ना?" तुम्ही माझ्याकडं बघितलं नाही. मी तिथंच, एक हात अंतरावर होतो.

हिंगोली यायच्या आधीच ती गेली.

दिवस कलायच्या सुमाराला तुम्ही परत आलात. नळावर कोपरापर्यंत हात धुतलेत, साबण लावून, पुन्हा पुन्हा. मग माझ्या टेबलाशी येऊन म्हणालात, "लिही रजिस्टरला."

मी लिहिलं. गॅस्ट्रो.

तुम्ही वाकून वाचलंत. "व्हय," म्हणालात. "पोटानं मेली."

पुढच्या महिन्यात तुम्हाला वारंगा फाट्याच्या पलीकडं टाकलं. दोन जीपा बदलून जायचं, दोन बदलून यायचं. दीड वर्ष. मी तुम्हाला निरोपाचा हार घातला, ताई. हार आणायला मलाच पाठवलं होतं.

परत आलात तेव्हा जरा वाळल्या होतात, पण आवाज तोच. जुलाबाचा पहिला नमुना पाठवायची वेळ आली तेव्हा डब्यावर तुमची चिठ्ठी होती, लाल शाईत, मोठ्या अक्षरात: बर्फात ठेवू नये. डबा माझ्यापुढं धरलात, पण सोडला नाहीत.

"वाच."

"ताई, दिसून राहिलं ना."

"वाच म्हणलं."

"बर्फात ठेवू नये," मी वाचलं. मग तुम्ही डबा सोडलात.

त्यानंतर दर वेळी हेच. पेशंटसमोर, नर्ससमोर, मी मोठ्यानं वाचायचं. मला राग यायचा. वाटायचं, मी काय अडाणी आहे? बाईला मान दिला तर डोक्यावर बसतात, असलं घाणेरडंही मनात यायचं. ते का यायचं, तेही मला ठाऊक आहे. एकदा मी चिडून म्हणालो, "आता पाठ झालंय मला." तुम्ही म्हणालात, "पाठ झालं तर मग अजून काही सांगायचं असंल ते सांग." मी म्हणालो, "काय सांगायचं?" तुम्ही म्हणालात, "मला काय ठाऊक. तुझं तू बघ."

दार उघडंच ठेवलं होतं तुम्ही. मी डबा घेऊन गेलो.

निवृत्तीच्या दिवशी तुम्ही मला तुमची जुनी मलमल दिलीत, भिंग पुसायची. म्हणालात, "तुझ्या चष्म्याला होईल." मी ती अजून वापरतो. तुम्ही आजारी आहात कळल्यावर दोनदा घरापर्यंत येऊन परत गेलो. दुसऱ्या वेळी तुम्ही ओट्यावरच बसला होतात. मी मोटारसायकल थांबवली नाही.

परवा मंडपातून निघताना तुमच्या हाताखाली शिकून तुमच्या जागेवर आलेली पोरगी भेटली. डोळे सुजलेले होते तिचे. म्हणाली, "सर, एक विचारू? ती लाल चिठ्ठी तुमच्यासाठीच होती का? तुम्ही रजेवर असलात की बाई चिठ्ठी लावतच नव्हत्या. दुसऱ्या कोणाला नुसतं तोंडी सांगायच्या, आणि ते ऐकायचे."

मी चष्मा काढून तुमच्या मलमलीनं पुसला. मग मोटारसायकल काढली.

ताई, मला तुमचाही राग आहे. लिहून टाकतो. तुम्ही का नाही ओरडलात माझ्यावर? साहेबांचा कागद साहेबांच्या तोंडावर मारणारी बाई तुम्ही, मलाच का एवढी सवलत? माझं नाव नोटिशीच्या उत्तरात लिहिलं असतंत तर माझी नोकरी गेली असती, कदाचित. पण कलाबाईच्या वेळी विहीर बंद असती. की तुम्हाला ठाऊक होतं, की तुमच्या नि माझ्या शब्दांत कोणाचा शब्द खरा धरला जाईल? ठाऊकच असणार. ती वर्गवारी तुम्हाला कोणी शिकवायची गरज नव्हती.

आणि तरी भाकरी मोडून देत राहिलात. त्या भाकरीचं मी काय करू आता?

काल घरी सगळं लिहून काढलं. साध्या कागदावर, तालुक्याच्या आरोग्य कार्यालयाच्या नावे. नमुना कोणाचा, घेतला कोणी, बर्फात कोणी ठेवला, कोणाच्या सांगण्यावरून. बायकोनं विचारलं, "माझ्या भावाचं नाव लिहिलं का?" म्हणालो, लिहिलं. ती आत गेली. चहा आणून ठेवला आणि बोलली नाही. अजून बोलत नाही.

आज सकाळी अर्ज नेऊन दिला. टेबलावरच्या क्लार्कनं तो दोनदा वाचला. तरुण आहे, त्या वेळी शाळेत असेल.

"सर, आता काहून? एवढी वर्षं झाली. तुमचीच चौकशी लागंल."

"लागू दे. शिक्का मार."

त्यानं शिक्का मारला. मग कपाटाकडं बघत म्हणाला, "पण हे लावू कुठं? गॅस्ट्रोच्या फायलीत लावतो."

"न्हाई. कॉलऱ्याच्या फायलीत लाव."

"कॉलऱ्याची फाइल न्हाई, सर. आपल्याकडं कधी झालाच न्हाई ना."

ताई, माझा आवाज एवढा चढला की शेजारच्या खोलीतली माणसं दारात आली. "झाला होता," मी म्हणालो. "पाईकराव बाईंनी बघितला होता. मीबी बघितला होता. नवीन फाइल उघड."

त्यानं माझ्याकडं बघत बघत एक कोरा पुठ्ठा काढला, नाडी ओवली, अर्ज आत लावला. मग पेन उघडून म्हणाला, "वर काय लिहू?"

मी सांगितलं. त्यानं लिहिलं. पुठ्ठा कपाटाकडं न्यायला लागला तेव्हा मी त्याचं एक टोक धरून ठेवलं.

"वाच," मी म्हणालो.

"सर, दिसून राहिलं ना."

"वाच म्हणलं."

त्यानं वाचलं. मग मी सोडलं.